माडवेळची हाक

"सेट नवा, अँटेना उंच, परवाना पहिल्या फटक्यात मिळवलेला... मग माडवेळहून उत्तर का येत नाही, चाचा?"

हेरंबचा घसा पार बसला होता. बसणारच की. पहाटे वादळाने वीज, फोन, रस्ता सगळंच नेलं, आणि तेव्हापासून दुपार झाली तरी हा गडी हौशी रेडिओ मंडळाच्या खोलीत बॅटरीवर सेट लावून, माईक तोंडाशी धरून बसलेला. खाडीपलीकडे माडवेळला मंडळाचा एकच जुना सेट, शाळेच्या बाईंकडे. आणि त्याच वाडीत हेरंबची धाकटी बहीण नंदा, दिवस भरलेली.

इनायतचाचा खिडकीच्या फटीत फडकं कोंबत होते. तीस वर्षं जहाजांवर बिनतारी संदेश घेतलेला माणूस.

हेरंब तसा गुणी पोर, पण स्वतःच्या आवाजावर भारी जीव. सेट कसा वापरायचा हे तो चाचांनाही समजावून सांगे, आणि चाचा बिचारे मान डोलवत.

त्याने पुन्हा बटण दाबलं. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की पलीकडचं ऐकायचं, इतकं साधं ते यंत्र. माडवेळ, माडवेळ, ऐकताय का? बटण सोडलं, श्वास घेतला न घेतला तोच परत दाबलं.

माडवेळ, माडवेळ...

चाचा जवळ आले. त्याचा अंगठा बटणावरून उचलला आणि आपल्या मुठीत धरून ठेवला.

"चाचा, सोडा. माझी बहीण आहे तिथे."

"म्हणूनच."

खोलीत नुसती खरखर. हेरंबचा जीव टांगणीला लागला. असं गप्प बसणं म्हणजे नंदाला वाऱ्यावर सोडणं, असंच वाटत होतं त्याला. त्याने हात ओढून पाहिला. म्हाताऱ्याने सोडला नाही.

...

...

मग त्या खरखरीतच एक आवाज आला, खोल विहिरीतून यावा तसा. बाई होत्या. बॅटरी उतरत आलीय म्हणाल्या, सकाळपासून हाका मारतेय, पण दर वेळी तुमचंच बोलणं सुरू होतं. नंदा सुखरूप आहे. मुलगी झाली.

हेरंबला रडू आवरेना. कसंबसं बाईंना म्हणाला, तिला सांगा मामा येतोय. बाईंनी निरोप घेतला, सेट बंद केला.

आता साऱ्या किनाऱ्याला ही बातमी सांगायची, म्हणून त्याने हसत, रडत बटणाकडे अंगठा नेला.

चाचांनी तो पुन्हा धरला. या वेळी अगदी हलक्या हाताने.

"थांब, बाळा... बाईंपेक्षाही हळू आवाजात अजून कुणीतरी हाक मारत असेल."