शेवंतेने बघितलेलं घर

विहिरीला अजून रहाटही बसला नव्हता, तेव्हाची गोष्ट. विहिरीवर झुकलेल्या शिंदीवर सुगरण पक्ष्यांची वसाहत उभी राहत होती. नराने अर्धं घरटं विणायचं, मादीने ते बघून पसंत करायचं आणि मगच उरलेलं पुरं करायचं, अशी त्यांची रीत. यंदा त्या नरांचाच मुकादम असलेल्या भिकोबाने घाई लावली होती. "गवतासाठी ओढ्यापलीकडे कशाला जाता? याच शिंदीच्या झावळ्या सोला. काम झटपट उरकेल!"

शेवंता नावाची मादी घर बघायला आली. सोनबाचं घरटं तिला मनापासून आवडलं. वीण घट्ट होती, हवाही खेळती होती. मग तिने वर पाहिलं. घरटं जिला टांगलं होतं ती झावळी सोलून सोलून काडी झाली होती, देठाशी वाळत चालली होती.

"अहो, घर झकास आहे," ती म्हणाली, "पण पिल्लं उडायला शिकेपर्यंत ही झावळी टिकेल ना?"

मुकादम तडकला. "घर बघायला आलीस की झाड? एवढी खुसपटं काढशील तर बिनघराची राहशील!"

"पिल्लं विहिरीत पडण्यापेक्षा ते बरं," म्हणत शेवंता शेजारच्या हिरव्या झावळीवर जाऊन बसली.

सोनबाने खाली पाण्याकडे पाहिलं आणि तो ओढ्याकडे उडाला.

"लग्नाआधीच ऐकायला लागला!" मुकादम हसला.

सोनबा गवताची पात घेऊन परतला, तेव्हा शेवंतेशेजारी बाकीच्या माद्याही येऊन बसल्या होत्या आणि त्यांचे नर ओढ्याकडे निघाले होते. सगळ्यांत शेवटी मुकादमही निघाला. त्याचंही घर अजून कुणी पसंत केलं नव्हतं.