बांगड्यांच्या काचांचा मोर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. सूर्य उगवून बरोबर सात घटका झाल्या होत्या. राजवाड्याच्या घंगाळात घटका मोजायची भोकाची तांब्याची वाटी सातव्यांदा बुडाली, पहारेकऱ्याने सात टोले दिले, आणि नेमक्या त्याच वेळी तळ्याकाठच्या एका गावात दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! उद्या सकाळी राणीसाहेबांची पालखी या गावातून जाणार. ज्याचं अंगण राजबागेसारखं दिसेल, त्याच्या अंगणात राणीसाहेब पाणी प्यायला थांबणार हो!"

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या आयांनो, हे गाव कसं होतं ते आधी सांगते. तिथली सगळी घरं एकाच गवंड्याने बांधली होती. त्याला एकच घर बांधता यायचं, तेच त्याने चाळीस वेळा बांधलं. पांढऱ्या मातीच्या भिंती, निळं दार, दारापुढे अंगण. आणि दुधावर साय धरावी तसं त्या गावावर धुकं धरायचं. त्याला वेळकाळ नव्हता. तळ्याच्या मनात आलं की ते धुकं सोडायचं. मग घरं जमिनीवर आहेत की तरंगताहेत तेच कळायचं नाही.

त्या गावात गुंजा नावाची पाच वर्षांची मुलगी होती. गुंजाच्या आईचं अंगण सगळ्यांत वेगळं होतं. फुलांच्या वाफ्याला मातीचा कठडा होता, आणि त्यात तिने फुटक्या बांगड्यांचे तुकडे बसवून एक मोर केला होता. ऊन पडलं की मोर हिरवा-निळा चमकायचा. फुटक्या रांजणात पुदिना होता. गुंजाच्या बाबांच्या झिजलेल्या वहाणेत माती भरून एक इवलं फुलझाड लावलं होतं. दारावर नारळाच्या करवंट्यांची माळ होती, ती वाऱ्याने टकटक बोलायची. तुळशीवृंदावनावर गुंजाच्या हाताचे गेरूचे ठसे होते, दर वाढदिवसाला एक. पाच ठसे, एकापेक्षा एक मोठा.

आई फार काळजीची. गुंजा बाहेर निघाली की रोज तेच सांगायची, "धुकं पडलं तर कुणाच्या घरात शिरायचं नाही. मोर दिसला की आत यायचं. मोर नसेल तर ते आपलं घर नाही. काय?"

"मोर नसेल तर आपलं घर नाही," गुंजा म्हणायची.

दवंडी गेली आणि शेजारची पारूकाकू कठड्याशी येऊन उभी राहिली.

"अगं ए गुंजाच्या आई, हे अंगण आहे की मोडीचं दुकान? राणीसाहेबांच्या पायात काच घुसली म्हणजे? आणि ती वहाण! सासर-माहेर दोन्हीकडची लाज काढशील बाई."

"काकू, काच टोचत नाही हो. मी कडा घासून बसवल्यात."

"तू घासल्यास, राणीला काय ठाऊक? माझं अंगण बघ जरा. सरळ रेघेत झेंडू. राजबागेत अस्संच असतं म्हणे."

पारूकाकूने राजबाग कधी पाहिली नव्हती. पण गुंजाच्या आईला ते खरं वाटलं. लोक काय म्हणतील? उद्या गुंजाला सगळे हसले तर?

तिने गुंजाच्या हातात वाटी दिली. "जा, गावाच्या टोकाच्या आत्याबाईंकडून विरजण घेऊन ये. सावकाश ये, सांडू नको."

गुंजा गेली. आईने पदर खोचला. मोराची एकेक काच उपटून टोपलीत टाकली. करवंट्या उतरवल्या. वहाण, रांजण सगळं मागच्या गोठ्यात नेऊन ठेवलं. वृंदावनावरून पांढऱ्या मातीचा हात फिरवला आणि पाचही ठसे झाकून टाकले. मग सरळ रेघेत झेंडू लावले. अंगण पारूकाकूच्या अंगणासारखं झालं. पारूकाकूचं तिच्या शेजारणीच्या अंगणासारखं होतं. सगळ्या गावाचं एकच अंगण झालं.

तेवढ्यात तळ्याने धुकं सोडलं.

आई उंबऱ्यावर बसली. एवढ्यात यायला हवी होती गुंजा. विरजण सांडू नये म्हणून हळू चालत असेल. वाटेत मांजर दिसलं असेल. मग आईला तळं आठवलं, आणि ती उठून धावत सुटली.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, ती तर केव्हाच गेली! वाटी दोन्ही हातांनी धरून, जपून जपून गेली."

"गुंजाऽ! ए गुंजाऽ!" आईने गावभर हाका मारल्या. पण धुक्यात हाक कापसात सुई पडावी तशी पडत होती. ती घरी आली, कदाचित पोरगी आली असेल म्हणून. कुणी नव्हतं.

फक्त एक कुंभारीण माशी अंगणात भिरभिरत होती. भिंतीवर मातीचं चिमुकलं मडकं करते ना, तीच. तिच्या तोंडात ओल्या मातीची गोळी होती. रांजण होता त्या जागेवर ती पुन्हा पुन्हा घिरट्या घालत होती.

"बाई," माशी रडवेली होऊन म्हणाली, "माझं घर कुठं गेलं गं? माझी बाळं आहेत त्यात."

"हे काय, इथंच आहे की भिंतीवर."

"भिंती तर सगळ्या सारख्याच. मी मोरापासून वळते, रांजणावरून वर जाते, की माझं घर. मोर नाही, रांजण नाही, मग हे घर माझं कसं?"

आईला आपलेच शब्द आठवले. मोर नसेल तर आपलं घर नाही. हे रोज कुणी शिकवलं होतं?

ती गोठ्यात पळाली. टोपली आणली. वाफ्यातले झेंडू उपटून ओली माती कठड्याला थापली आणि काचा बसवू लागली. घाईत बोट कापलं, तिला कळलंही नाही. मोराची मान वाकडी झाली. शेपूट कसंबसं जमलं. रांजण जागेवर आला, वहाण आली, आणि कुंभारीण माशी सरळ वळून वर आपल्या मडक्याशी गेली. आईने नखांनी वृंदावनाची माती खरवडली. एक ठसा दिसला, मग दुसरा. शेवटी तिने करवंट्या दारावर टांगल्या आणि हाताने हलवत राहिली.

टक टक. टक टक.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग धुक्यातून आधी एक वाटी आली. वाटीमागून दोन हात आले. हातांमागून गुंजा आली. गालांवर आसवं सुकली होती.

"आई, मी दोनदा इथून गेले. तेव्हा इथं कुणा दुसऱ्यांचं घर होतं. मी आत नाही आले, तू सांगितलंयस ना?"

आईने तिला उराशी धरलं.

गुंजाने कठड्याकडे पाहिलं. "मोराची मान वाकडी का झाली?"

"तुला शोधत होता ना, बाळा. वळून वळून बघत होता."

दुसऱ्या दिवशी राणीची पालखी आली. एक अंगण गेलं, दुसरं गेलं, दहावं गेलं. भोई घाबरले. "राणीसाहेब, चकवा लागला! आपण त्याच अंगणापुढून फिरतोय." इतक्यात वाकड्या मानेचा मोर चमकला आणि पालखी थांबली.

राणी पाणी प्यायली. एकेका ठशावर तिने हात ठेवून पाहिला. मग हळूच म्हणाली, "माझ्या बागेत हजार फुलं आहेत. पण माझं त्यात काहीच नाही."

गुंजाने टोपलीतला उरलेला निळा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "हा घ्या. कडा घासल्यात, टोचणार नाही."

पुढे त्या गावात चाळीस अंगणं चाळीस तऱ्हेची झाली. पारूकाकूने तर सासूचं फुटकं जातं दारात मांडून त्यात कमळ लावलं. धुकं येतच राहिलं, पण त्यात पुन्हा कुणाचं मूल हरवलं नाही. आणि कुंभारीण माशी आजही घरातून निघताना आधी चार घिरट्या घालते, भोवतीच्या खुणा मनात ठेवते, मगच लांब जाते.

बोध एवढाच: अंगण लोकांना दाखवण्यासाठी नाही, आपल्या माणसांना ओळखू यावं म्हणून सजवावं.

तुमच्या शेजारी कुणी आई अंगण आवरायला निघाली असेल, तर तिने काही उचलून टाकण्याआधी ही गोष्ट तिच्या कानावर घाला.