चुलींचा सडा

कांदळबंदराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे पठार आहे, त्याला सडा म्हणतात. तिथे झाड नाही, विहीर नाही, कधीकाळच्या घराचे जोतेही नाही. तरीही जिकडे पाहावे तिकडे चुली. तीन-तीन दगडांच्या, धुराने काळवंडलेल्या. काहींत ताजी राख असते, काहींत गवत उगवलेले. नवखा माणूस विचारतो, इथे वस्तीच नाही, तर हा स्वयंपाक कुणासाठी? गावची जाणती माणसे मग त्याला कड्याशी नेतात, खालचा समुद्र दाखवतात आणि रंभेची हकीकत सांगतात.

ती कुठल्या राजाच्या अमदानीत घडली, कुणाला ठाऊक नाही. तेव्हा सारा गाव खाली पुळणीलगत, माडांच्या सावलीत होता. विसू तांडेलाचे घरही तिथेच. घरात त्याची म्हातारी आई धोंडाबाय, बायको आवडी, जाणती होत आलेली मुलगी रंभा आणि अंगावर पिणारा मुलगा भिकू.

मार्गशीर्षातली सकाळ होती म्हणे. रंभा खडपावर, किनाऱ्याच्या खडकांवर, शिंपल्यांतली कालवे काढायला गेली होती आणि विसू खाडीच्या तोंडाशी होडीची डागडुजी करत होता. आधी जमीन हलली. फार नाही. फळीवरची भांडी वाजली, विहिरीतले पाणी हिंदकळले, माडांवरचे कावळे एकदम उठले. माणसे अंगणात आली, एकमेकांकडे बघून हसली आणि पुन्हा कामाला लागली.

मग समुद्र मागे गेला. जिथे पुरुषभर पाणी असायचे तिथला तळ उघडा पडला. चिखलात मासे तडफडू लागले. "दर्या खंय गेलो?" म्हणत लोक टोपल्या घेऊन धावले.

रंभा मात्र भ्याली. जन्मल्यापासून कानांत भरलेली लाटांची गाज थांबली होती, आणि त्या शांततेत तिला उभे राहवेना. तिने हातातली कोयती टाकली आणि बकऱ्यांच्या वाटेने कडा चढायला लागली. घराकडे जायला लांबचा वळसा होता, सडा डोक्यावरच होता. आई-बापूस येतीलच, असे तिने मनाशी धरले.

वर पोचून तिने खाली पाहिले. आवडी खडपावर उभी होती. तिने सासूच्या काखेत मुलाला देऊन तिला गाडीवाटेने वर धाडले होते, आणि स्वतः लेकीला आणायला धावली होती. विसू खाडीकडून घरी आला, घर रिकामे पाहून परत फिरला, तोही खडपाकडे निघाला. दोघांच्या हाका वर ऐकू येत होत्या.

"रंभे गोऽ!"

"आये, मी हंय आसंय! वर बघ गोऽ!" रंभा घसा फाटेस्तोवर ओरडली. पण वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहत होता. खालचा आवाज तो वर आणत होता, वरचा खाली जाऊ देत नव्हता.

तिच्या हाकांचा एक परिणाम मात्र झाला. दूरवर पाणी चढताना पाहून सड्याकडे पळालेली आणि अर्धा चढ चढून आलेली काही माणसे ते ओरडणे ऐकून दचकली, आपलेच कुणी मागे राहिले असेल म्हणून खाली वळली. रंभाही उतरू लागली. तेवढ्यात धोंडाबाय धापा टाकत वर आली. तिने नातीची वेणी धरली आणि आपल्या मनगटाला गुंडाळली.

"सोड माका!"

"तू गेलंस तर ह्या पोराक कोण बघतला?" म्हातारी म्हणाली आणि तिने पकड सोडली नाही.

पाणी उभे राहून आले नाही, असे सांगतात. ते वाढत आले आणि वाढायचे थांबलेच नाही. खडप गेले, पुळण गेली, माडांचे बुंधे गेले. हाका एकेक करून कमी होत गेल्या. मग पाणी ओसरले. सड्यावरचे काही जण आपल्या माणसांना शोधायला खाली धावले, आणि दुसरे पाणी पहिल्याहून मोठे आले. त्यांतला कुणीच परतला नाही.

उरलेल्यांनी सड्यावरच मुक्काम केला. प्रत्येक कुटुंबाने, मग त्यात एकच जीव का असेना, तीन दगड मांडून चूल पेटवली आणि तिच्याशी बसून राहिले. हरवलेल्याने आपल्याला शोधत फिरू नये, धुराकडे यावे, एवढ्यासाठी. खाडीपलीकडच्या डोंगरावर चढून वाचलेले काही जण खरोखरच आले आणि आपापल्या चुलीशी बसून ढसाढसा रडले. रंभेच्या चुलीकडे कुणी आले नाही. ती रोज दोन माणसांची पेज जास्त शिजवी. धोंडाबायशी मात्र म्हातारी मरेपर्यंत ती कामापुरतेच बोलली, असे सांगतात.

पोटासाठी गाव पुन्हा खाली गेला. रंभेने लग्न केले नाही. तिने भावाला वाढवले आणि त्याचे लग्न ठरवले. वरात दारात आली, तेव्हा माप ओलांडायच्या आधी तिने नवरा-नवरीला थांबवले आणि सड्यावर नेले. तीन दगड मांडायला लावले. मग नवरीला, लाडीला, तिने विचारले, "दर्या चढलो आणि तुझो घो खाली रवलो, तर तू मागे फिरशीत?"

लाडी गोंधळली. "फिरान तर! घोवाक सोडून जाव काय?"

रंभेने चुलीचा एक दगड नीट बसवला. जे साऱ्या गावाला माहीत होते, पण तिच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते, ते ती बोलली. "माझे आई-बापूस माका सोधूक गेले. मी हंय होतंय. त्येंका बघत होतंय."

लाडी रडू लागली. रंभेने प्रश्न पुन्हा विचारला. लाडी खाली मान घालून म्हणाली, "नाय फिरूचंय."

"मग भेटशीत खंय?"

"चुलीकडे."

भिकूला तेच उत्तर द्यायला लाडीहून जास्त वेळ लागला. त्यानंतर गावातली प्रत्येक नवी जोडी सड्यावर येऊन तेच उत्तर देऊ लागली.

पुढे रंभा थकल्यावर एकदा पुन्हा जमीन हलली आणि समुद्र हटला. या वेळी मासे गोळा करायला कुणी गेले नाही. लेकरे, म्हातारी, जे जवळ होते त्यांना उचलून जो तो जवळच्या वाटेने चढला. भिकू एका वाटेने आला, लाडी मुलांना घेऊन दुसऱ्या वाटेने. चुलीशी त्यांची गाठ पडली. सारा गाव मोजला गेला, फक्त रंभा नव्हती. ती त्या सकाळी एकटीच खडपावर गेली होती. गुडघे धरलेले, चढवेना.

भिकू कड्याशी उभा राहिला. त्याला ती दिसत होती, असे सांगतात. वारा तसाच खालून वर येत होता. तिने हाक मारली असती तर ऐकू आली असती. तिने मारली नाही. वर बघून तिने फक्त हात हलवला, जा म्हणून. भिकूने कड्यावरचा दगड दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पाणी येऊन गेले तरी सोडला नाही. दुसरे पाणी उतरेपर्यंत एकही माणूस खाली गेला नाही.

आजही कांदळबंदरात नवी सून आधी सड्यावर येते आणि मग घरात. दगड मांडून चूल पेटवली की सासू तोच प्रश्न दोघांना विचारते. काही जण पटकन उत्तर देतात, काहींना तो दोन-तीनदा विचारावा लागतो. खाली वाजंत्री थांबलेली असते, जेवणे खोळंबलेली असतात, तरी घाई कुणी करत नाही. "नाय" ऐकू येईपर्यंत सगळे उभे राहतात.