आधी ठकूमावशी निजायची

फार मागची गोष्ट आहे. डोंगरमाथ्यावरच्या आमच्या धनगरवाड्याला तेव्हा रस्ता नव्हता. आताही नाही. माणूस अत्यवस्थ झाला की बांबूला घोंगडं बांधायचं, त्या झोळीत त्याला घालायचं आणि कड्याच्या पायवाटेनं खालच्या दवाखान्याकडे पळायचं. अशा घाईत पुष्कळ माणसं वाटेतच गेली.

मग वाड्यात ठकूमावशी नांदायला आली. झोळी उचलू लागले की ती आडवी यायची. रक्त वाहत असेल तिथं पट्टा आवळायची, मोडल्या हाडाला कामट्या बांधायची, अंगाला ऊब द्यायची. आणि मग आजाऱ्याच्या आधी स्वतः झोळीत निजायची. "डुलवा मला," म्हणायची. गाठ सरकते का, मान लोंबते का, हे तिला अंगानं कळायचं, असं म्हणतात.

मावशी म्हातारी झाल्यावर एकदा भागोजीच्या मांडीत गव्यानं शिंग घातलं. त्याचा धाकटा भाऊ बिरू वेडापिसा झाला. मावशीनं भागोजीची मांडी आवळली आणि ती झोळीत शिरली.

"म्हातारे, माझा भाऊ मरतोय आन् तू झोके घेतीस व्हय?"

"मेला तर मला कड्यावरनं ढकल. आधी डुलव."

बिरूनं रागानं असा हिसका दिला की बांबू मधोमध मोडला. तो आतून किड्यानं पोखरलेला होता. मावशी दगडावर आदळली आणि तिचं कंबरडं मोडलं.

"बघतोस काय मुडद्या? दुसरा बांबू आण," ती पडल्या पडल्या ओरडली. "आता माझ्या जागी तू नीज."

बिरू रडत रडत निजला. नवा बांबू टिकला. मग भागोजीला उचललं, तेव्हा झोळी फुलांच्या पाटीसारखी हलकी झाली आणि कड्यावरचे गवे वाट सोडून खाली माना घालून उभे राहिले, असं म्हणतात. भागोजी जगला. मावशी मात्र पुन्हा उठली नाही.

तेव्हापासून आमच्यात झोळी उचलण्याआधी आजाऱ्याचं सगळ्यात जवळचं माणूस तिच्यात निजतं. "मावशे, बघ गं," म्हणतं आणि बाकीचे त्याला डुलवतात.

परवा माझ्या दादासाठी मी निजलो. घोंगडं मानेखालून सरकत होतं, म्हणून गाठ सोडून पुन्हा मारली. दादानं दवाखान्यात पोचल्यावर प्राण सोडला. वाटेत नाही. कड्याच्या अर्ध्यावर त्यानं डोळे उघडले होते. मला म्हणाला, "लई बेस बांधलीस रं."