ढगोबा आणि चिखलपरी

काजवेसुद्धा दुपारची वामकुक्षी घेतात, अशा एका हिरव्यागार, आळशी मुलखात गुंजेगाव नावाचं चिमुकलं गाव होतं. तिथे बकुळा आपल्या आईबरोबर गवताच्या झोपडीत राहायची. घरात अठराविश्वे दारिद्र्य. तरी पेजेची वाटी पुढे आली, की बकुळा अर्धी प्यायची आणि अर्धी ढगोबाला द्यायची.

ढगोबा म्हणजे सर्जेरावांच्या म्हशीचं रेडकू. "रेडा काय दूध देणार आहे?" असं म्हणून सर्जेरावांनी त्याला उकिरड्यावर सोडून दिलं होतं. बकुळाने त्याला उचलून आणलं आणि वाढवलं. आता तो चांगला काळाभोर, दांडगा रेडा झाला होता, पण भित्रा इतका, की फुलपाखरू नाकावर बसलं तरी डोळे गच्च मिटून घ्यायचा.

मग जत्रा आली. जत्रेत रेड्यांच्या टकरी लागायच्या. सर्जेरावांना एकदम आठवलं, की ढगोबा आपला आहे. शेजारगावच्या वादळ्याशी झुंजवायला ते त्याला सकाळीच दावं लावून घेऊन गेले. हरलेला रेडा जत्रेतच विकला जाई आणि पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नसे.

बकुळा पाण्याची कळशी बाजूला ठेवून ओढ्याकाठी कमळांपाशी बसून रडू लागली.

"नाक पुसायला पान देऊ का गं?" कुणीतरी विचारलं.

गुलाबी कमळात अंगठ्याएवढी परी उभी होती. चतुराच्या पंखांसारखे तिचे निळे-हिरवे पंख झगमगत होते, कपाळावर दवाचा इवलासा थेंब लुकलुकत होता आणि पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने बरबटलेले होते.

"तू खरंच परी आहेस?" बकुळाने तिच्या पायांकडे बघत विचारलं.

"मी चिखलपरी. नाक मुरडू नकोस हं, ही कमळं माझ्याच अंगणात उगवतात. तू रोज अर्धी पेज कुणाला देतेस ते मी बघते. तुझ्या दोन इच्छा पुरवीन. पण माणसांची मनं मी बदलत नाही, ती माणसांनीच बदलायची. आणि ज्याच्यासाठी मागशील त्याच्या मनातलं माग, तुझ्या मनातलं नको."

बकुळाला कुठला धीर. "माझ्या ढगोबाला हत्तीचं बळ दे. त्याने वादळ्याला लोळवलं पाहिजे."

परीच्या तळहातावरून एक सोनेरी ठिणगी उडाली आणि भिजक्या फटाक्यासारखी फुस्स झाली.

"गेली एक," परी म्हणाली. "जिंकायचंय ते तुला, राणी. ढगोबाला विचारलंस का?"

बकुळाने कळशी भरली, परीला वेणीत बसवलं आणि ती मैदानाकडे धावली. ढोल बडवले जात होते. रणरणत्या उन्हात दोन टोकांना दोन रेडे बांधले होते आणि लोक त्यांना काठ्यांनी ढोसत होते. बकुळाने अर्धी कळशी थरथरत्या ढगोबाच्या पाठीवर ओतली. मग तिचं लक्ष वादळ्याकडे गेलं. तो ढगोबापेक्षा मोठा होता, पण त्याची कातडी उन्हाने तडकली होती आणि तोही थरथरत होता. ती उरलेलं पाणी घेऊन त्याच्याकडे गेली.

"ए पोरी, हा आमचा रेडा आहे," वादळ्याचा मालक म्हणाला.

"ऊन काय आमचा-तुमचा बघून तापतं का, काका?"

पाठीवर गार पाणी पडलं तसे वादळ्याने डोळे मिटले, अगदी ढगोबासारखे. बकुळाला एकदम कळलं. ती कुजबुजली, "परी, दोघांच्याही मनातलं मागते. चिखल दे, मनसोक्त."

परी खुदकन हसली. रुपेरी बुडबुडे उडाले, मैदानातून झुळझुळ झरे फुटले आणि बघता बघता लोण्यासारखा मऊ चिखल झाला. तेवढ्यात दावी सुटली. दोन्ही रेडे उधळले, एकमेकांकडे धावले, लोकांनी श्वास रोखले, आणि दोघांनी मधोमध फतकल मारली. वादळ्याने हनुवटी ढगोबाच्या पाठीवर टेकवली.

"ऊठ लेका, टक्कर घे," असं ओरडत सर्जेराव काठी घेऊन आत आले आणि धपकन आडवे झाले. ढगोबाने एक डोळा उघडला आणि त्यांना जागा करून देत जरासा सरकला. सगळी जत्रा पोट धरून हसू लागली. सर्जेराव आधी लालबुंद झाले. मग त्यांच्या पाठीला गारवा लागला, आणि ढगोबाने त्यांचं टक्कल प्रेमाने चाटलं.

"तुला मी उकिरड्यावर टाकला होता रे," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी बकुळाला हाक मारली. "पोरी, हा तुझाच. पेज तू पाजलीस, मी नुसती काठी उगारली. आजपासून आपल्या जत्रेत टकरी बंद."

वादळ्याचा मालक केव्हाच धोतर खोचून आत उतरला होता. तो आपल्या रेड्याची पाठ चोळत म्हणाला, "आमच्याही गावात बंद."

"बघ, बदलली मनं," परी म्हणाली. "मी हातसुद्धा लावला नाही. आता एक स्वतःसाठी माग, बक्षीस म्हणून."

बकुळाने त्या दोन काळ्याभोर, सुखी पाठींकडे पाहिलं. "संध्याकाळपर्यंत त्यांना कुणी उठवू नये," ती म्हणाली.

परीने तिच्या नाकाच्या शेंड्याचा पापा घेतला आणि ती सात रंगांच्या लख्ख उजेडात विरून गेली. ढोलवाल्यांनी ढोल अलगद खाली ठेवले. जिलेबीवाला "गरमागरम" असं कानात सांगू लागला. आणि दोन रेड्यांची झोप मोडू नये म्हणून अख्खी जत्रा चवड्यांवर चालू लागली.