खुंटावरून उतरण्याआधी

थांबा. चढायला हरकत नाही, पण आधी मागे वळून बघा. तुमच्यामागे कोण आहे? कोणी नसेल तर चढू नका. आम्ही या दगडी चौथऱ्याला खुंट म्हणतो. पायथ्याच्या पाटीवर 'सूर्यास्त पॉइंट' लिहिलंय, ते पाटी लिहिणाऱ्याचं डोकं. इथे एका वेळी एकानेच उभं राहायचं. उतरताना मोठ्याने विचारायचं, "माझ्या जागी कोण?" मागच्याने "मी" म्हणायचं, आणि त्याचा पाय वर टेकला की मगच आपला खाली टेकवायचा. हसा, हसा. सगळेच हसतात आधी. दोर लावून कडा उतरायला आलेली तुमच्यासारखी मंडळी मला म्हणतात, लहानूकाका, हा काय खेळ आहे? खेळ नाही. बसा इथे, सांगतो.

खाली बघा. खाडीच्या तोंडावर पाणी पांढरं फुटतंय, ती कवळी. पाण्याखालच्या खडकांची रांग आहे. केळखाडीच्या कोळ्यांना घरी यायचं तर ती ओलांडावी लागते, आणि तिला दार एकच, एका होडीपुरतं. ते पाण्यावरून दिसत नाही. मग ओळखायचं कसं? किनाऱ्यावर तो बुटका काळा कातळ आहे ना, त्याला नकटी म्हणतात. त्या काळी इथे, या चौथऱ्याच्या जागी, एक उंच ताड होता. समुद्रातून बघताना ताड बरोबर नकटीच्या डोक्यावर आला की समोर दार. होडीचं नाक सरळ ठेवायचं आणि आत यायचं. इकडे ताड चार पावलं सरकला असता तर तिकडे होडीच्या फळ्या झाल्या असत्या.

ही खूण केळखाडीने कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवसांत चाचे फिरत म्हणे. खूण परक्याला कळली तर गाव लुटलं जाईल, म्हणून लग्न होऊन आलेल्या सुनेलाही देवीसमोर शपथ घ्यावी लागे. डोंगरावर आमच्या मोहपाड्यालाही त्यांनी कधी सांगितलं नाही. सुकी मासळी देऊन आमच्याकडून भात न्यायचे, लग्नाकार्याला यायचे, पण ताडाबद्दल अवाक्षर नाही. मला विचाराल तर सगळी चूक तिथेच झाली. माझा आजा हे सांगताना दर वेळी चिडायचा, आणि मलाही राग येतो.

पाड्यात नवश्या नावाचा माणूस होता. तो आमच्याच कुळातला. त्याला घर बांधायचं होतं. ताड म्हातारा झालेला, ताडीही देईना. नवश्याने कार्तिकातल्या एका सकाळी तो तोडला. त्याने काय वाईट केलं, सांगा.

त्याच दिवशी केळखाडीची जमनी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन वर आली. कोवळी सून होती, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. गावच्या आठ होड्या पहाटे बाहेर गेलेल्या, त्यातल्या एकीवर तिचा नवरा पोशा. इथे पोचली तर ताड आडवा. पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालेलं. असं सांगतात, की तिने पाटी खाली ठेवली नाही, ती हातातून पडली.

नवश्याने विचारलं, "काय झाला गं? बोंबील सांडलं सगळं."

जमनीने खाली समुद्राकडे पाहिलं. सांगावं तर शपथ मोडते, न सांगावं तर आठ होड्या कवळीवर जातात. वारा सुटला. खालच्या झाडांचे शेंडे एका बाजूला लवले. तेव्हा ती बोलली. सगळं बोलली, नकटी, दार, शपथ, सगळं.

 नवश्या लगेच कामाला लागला. त्याने तोडलेल्या ताडाचा शेंडा लांब बांबूला बांधला आणि बांबू उरलेल्या खुंटाला आवळला; भोवतीचे हे दगड नंतरचे. पहिल्याच झोतात बांबू मोडला. दुसरा आणला, तोही मोडला. भोवती सगळा कातळ, पुरायला माती नाही. वाऱ्यासमोर ताठ उभं राहिलं की मोडणारच. माणसाने हातात धरला तर तो वाऱ्याबरोबर थोडा लवेल आणि पुन्हा उभा राहील. नवश्या खुंटावर चढला, बांबू छातीशी धरला आणि म्हणाला, "तू बघत राव. मना होड्या मोजून सांग."

दुपार होती. पाऊस आडवा मारत होता. जमनीने जाऊन नवश्याच्या कमरेला मिठी मारली, तो उडू नये म्हणून. पहिली होडी दिसली. ती डावीकडे गेली, उजवीकडे आली, कवळीसमोर घुटमळली. त्यांना ताड बुटका वाटत असणार. मग ती वळली आणि सरळ आत आली.

"एक," जमनी ओरडली.

दोन आली. तीन आणि चार एकामागोमाग आल्या. पाचवीच्या वेळी नवश्याचा पाय सरकला. शेंडा हातभर हलला आणि तिकडे होडी खडकाकडे वळली. नवश्याने ओठ फुटेपर्यंत दात आवळून बांबू जागेवर आणला. होडी खडकाला घासून आत आली. त्यानंतर तो हलला नाही. खांद्याची कातडी सोलून रक्त बांबूवरून उतरत होतं. सहा. सात.

मग पाणी नुसतं पाणी. बराच वेळ.

नवश्या पांढराफटक पडला होता, डोळे मिटत होते. त्याने विचारलं, "किती झाल्या?"

आठवी होडी पोशाची होती. जमनीने नवश्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "आठ झाल्या, दादा. उतर."

तो उतरला आणि कोसळला. डोळे उघडून बघतो तर जमनी खुंटावर, बांबू छातीशी. तेव्हा त्याला कळलं. माझ्या आज्याला इथे नेहमी थांबावं लागायचं, आणि मीही थांबतो जरा.

अंधार पडला. पाड्यातली माणसं जमली होती. म्हणाली, "पोरी, आता कोणाला दिसतंय? उतर." ती म्हणाली, "उजाडल्यावर दिसंल." दुसऱ्या दिवशी वारा पडला, ऊन पडलं. ती उभीच. पाड्यातल्या बायकांनी तिला हाताने पेज भरवली, तिच्या कमरेला धरून बसल्या.

तिसऱ्या दिवशी केळखाडीची माणसं वर आली. सात होड्यांतून वाचलेले सगळे. पुढे तिचा सासरा. शपथ मोडल्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. सासरा म्हणाला, "जमने, उतर बाय. आता कोन येयाचा नाय."

तिने विचारलं, "माझ्या जागी कोण?"

कोणी बोलेना. बोलणार काय? 'कोणी नाही' म्हटलं तर पोशा गेला, हे तिच्या तोंडावर सांगितल्यासारखं. आणि 'मी' म्हणावं, तर अजून वाट बघायला हवी. सात होड्यांची माणसं खाली मान घालून उभी राहिली.

तेव्हा मागून नवश्या म्हणाला, "मी."

त्याचे दोन्ही हात लोंबत होते. बांबू धरवणार नव्हता, तर त्याने तो काखेत घेतला आणि खुंटावर पाय टेकवला. मग जमनी उतरली. उतरल्यावर ती पहिल्यांदा रडली, असं सांगतात.

पोशाची होडी आली नाही. पण नवश्याने खुंटाला लागून ताडाची गोटी, म्हणजे बी, रुजवली, खालून पाट्यांनी माती आणून. ताड सावकाश वाढतो. तो उंच होईपर्यंत, होड्या बाहेर असल्या की पाड्यातलं कोणीतरी बांबू धरून इथे उभं राहायचं. पहिल्यांदा तीस वर्षं. पुढे ताड पडला की पुन्हा तसंच. नवश्याच्या घराला त्या तोडलेल्या ताडाचे वासे कधी लागले नाहीत. आणि केळखाडीने आपल्या साऱ्या खुणा आम्हाला सांगून टाकल्या.

आजही डोंगरावरचं झाड तोडायचं तर आम्ही आधी बंदरावर जाऊन विचारतो. आता होड्यांवर यंत्रं आली, ताडाकडे कोणी बघतही नसेल. तरी खुंटावरून उतरणारा विचारतो, आणि मागचा मी म्हणतो. संध्याकाळी तुमच्यातला शेवटचा विचारेल, तेव्हा मी म्हणेन. तुम्ही खुशाल खाली जा, बॅटऱ्या घेऊन.

मग मी एकटाच वर. माझ्यामागे कोणी नसतं. मी खुंटाला लागून उभ्या या ताडाला विचारतो, माझ्या जागी कोण? वारा असला की वर सळसळ होते आणि मी उतरतो. वारा नसला तर थांबतो. कधी कधी फार उशीर होतो, घरी बायको बोलते. पण ताड हलेपर्यंत मी उतरत नाही.