दुधी गालिचा

“आणि तरीही खोली गारच वाटते?”

अक्का वाती वळत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं.

“गारच,” रत्नाकर म्हणाला. “म्हणून तर आलो.”

नदीकाठच्या त्या मठीत अक्का एकट्याच राहत. त्या मंत्र देत नसत, प्रवचन करत नसत. आलेल्याचं ऐकून घेत आणि निघताना त्याच्या हातावर चार फुटाणे ठेवत. एवढंच. रत्नाकर मोहिते बरीच वर्षं त्यांच्याकडे येत होता. तो घरी बसून पुलांचे आराखडे काढायचा. कामात त्याची रेघ चुकत नसे, आणि हे त्याला ठाऊकही होतं.

“काय काय केलंस, सांग तरी.”

तो खुलला. हे त्यानं गेल्या महिन्यात अनेकांना सांगितलं होतं.

“ट्यूबलाइट काढून टाकली. कोपऱ्याकोपऱ्यात पिवळे दिवे लावले, झाकलेले. भिंतींना मधाचा रंग दिला. लोखंडी कपाट हलवलं, सागवानी फळ्या मारून घेतल्या. जाड पडदे. खुर्चीवर घोंगडी. दिवाणाला नवी खोळ. आणि खाली गालिचा... लोकरीचा, दुधी रंगाचा. पाय रुततो, अक्का.”

“छान.”

“छानच आहे. पण तिथं बसवत नाही. जरा वेळानं उठतो आणि लॅपटॉप घेऊन ओसरीवर जातो. पूर्वी त्याच खोलीत मी दिवेलागणीपर्यंत हलत नसे. भिंतीचे पोपडे निघालेले, पंखा कुरकुरायचा... पण तेव्हा कधी गार वाटली नाही.”

अक्कांनी वळलेली वात तबकात ठेवली. दुसरीसाठी कापूस घेतला.

“रंग चुकला का माझा?” रत्नाकरनं विचारलं. “थोडा तांबूस घ्यायला हवा होता?”

“तेव्हा खोलीत कोण असायचं?”

“मीच.”

“आणि?”

“आणि... दुपारचे अण्णा यायचे. चहा घेऊन. दिवाणावर बसायचे.”

“काय करायचे?”

“काही नाही. आज कुठला पूल, म्हणून विचारायचे. मी गावाचं नाव सांगितलं की म्हणायचे, नीट कर बाबा, मला त्याच्यावरनं जायचंय.” वडिलांचं बोलणं आठवून रत्नाकर हसला. “जाणार कुठं? कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जात नाहीत. पण रोज तोच विनोद.”

“आता?”

“आता येत नाहीत.”

अक्का बोटांत कापूस पिंजू लागल्या.

“त्यांचं त्यांनीच बंद केलं, अक्का. मी काही म्हटलं नाही. एका शब्दानं बोललो नाही त्यांना.”

बोटांमधला कापूस तसाच राहिला.

“उद्या येते बघायला,” अक्का म्हणाल्या.

रत्नाकर चपापला. अक्का मठी सोडून सहसा कुणाकडे जात नसत. त्याला बरं वाटलं. मग, का कोण जाणे, थोडं कमी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आल्या. पायरीपाशी चपला काढल्या. रत्नाकरची बायको शैला पाया पडली.

“कुठाय ती उबदार खोली?”

“ही बघा,” शैला म्हणाली. “पाहुणे आले की आम्ही ही खोली दाखवतो. बसवतो मात्र बाहेर.”

“शैला...” रत्नाकर म्हणाला.

त्यानं पडदे ओढले आणि एकेक दिवा लावला. मधाच्या रंगावर पिवळा उजेड पसरला. खरंच देखणी दिसत होती खोली. अक्का उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कौतुकानंच पाहिलं.

“मेहनत केलीस.”

“केली.”

“अण्णा कुठं आहेत?”

“आत असतील. त्यांची चहाची वेळ आहे.”

अक्का वळल्या आणि सरळ आत गेल्या. रत्नाकर मागोमाग निघाला. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचला आणि थांबला.

ऐंशीच्या घरातले अण्णा मोरीपाशी उभे होते. भिंतीला खांदा टेकवून, मोरीवर ओणवून. कप दोन्ही हातांत धरलेला. कप थरथरत होता आणि चहाचे थेंब एकामागून एक खाली मोरीत पडत होते.

या वेळी रत्नाकर रोज खोलीत नाहीतर ओसरीवर कामात असायचा. हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“उभ्यानं चहा?” अक्कांनी विचारलं.

अण्णांनी मान वळवली. ओळख पटली तसे संकोचले.

“या, या. अहो, इथं बरं पडतं. सांडलं तर तिथल्या तिथं जातं. पुसायला नको, काही नको.”

“पाय दुखत नाहीत?”

“दुखतात की. पण हातांपेक्षा पाय बरे म्हणायचे. पाय अजून ऐकतात माझं.”

“बाहेर चला. खोलीत बसू.”

“नको, नको.” अण्णांनी घाईघाईनं मान हलवली. कपातला चहा पुन्हा हिंदकळला. “त्यानं हौसेनं केलंय सगळं. मी आपला इथं ठीक आहे. तुम्ही बसा ना. खोली बघितली का? फार सुरेख केलीय. मी दारातनं बघतो कधीकधी... तो नसला की.”

रत्नाकर दारातून मागे सरला. त्याच्या पावलांचा आवाज झाला नाही.

अक्का परत खोलीत आल्या तेव्हा तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. शैलानं चहा आणला. ट्रेमध्ये दोन कप.

“ओसरीवर घेऊ या का, अक्का? तिथं वारा...”

“वारा कशाला? मी ऊब बघायला आलेय.”

आणि त्या गालिच्यावर मांडी घालून बसल्या. खुर्ची नाही, दिवाण नाही. खाली. रत्नाकरलाही खाली बसावं लागलं. आपल्याच गालिच्यावर तो पहिल्यांदाच बसत होता.

अक्कांनी कप उचलला, घोट घेतला आणि मोकळा हात लोकरीवरून फिरवला. दिवाणाच्या पायाशी हात थांबला.

“इथला रंग वेगळा आहे.”

“वेगळा नाही. जरा जास्त पांढरा झालाय.”

“कशानं?”

“घासल्यानं.”

अक्कांनी बोटांनी तिथली लोकर दाबून पाहिली.

“गालिचा घातला त्याच दुपारी अण्णांच्या हातून चहा सांडला,” रत्नाकर म्हणाला. “मी रागावलो नाही. उठलो, ओलं फडकं आणलं, लिंबू आणलं आणि घासला.”

“किती वेळ?”

“डाग जाईपर्यंत.”

“बराच वेळ मग.”

“बराच.”

“आणि अण्णा?”

रत्नाकरनं आठवून पाहिलं. तेव्हा त्याची नजर डागावर होती. अण्णा डोळ्यांच्या कडेला होते, तेवढेच.

“दिवाणावर होते,” तो सावकाश म्हणाला. “पाय वर घेऊन बसलेले... गालिच्याला लागू नयेत म्हणून. मी घासत होतो आणि ते बघत होते. मग कप उचलून गेले.”

“तू काय म्हणालास?”

“काहीच नाही. सांगितलं ना. मी एका शब्दानं...”



पंखा नवा होता. अजिबात वाजत नव्हता. स्वयंपाकघरात कप विसळल्याचा आवाज आला, मग भिंतीला धरून चालणारी पावलं. ती खोलीच्या दिशेनं आली नाहीत.

“मला वाटलं,” रत्नाकर म्हणाला, “न बोलणं म्हणजे सांभाळून घेणं.”

अक्कांनी कप समोर धरला. हात मुळीच थरथरला नाही. कप सावकाश कलला, आणि उरलेला सगळा चहा दुधी लोकरीवर ओतला गेला.

रत्नाकरचा हात फडक्याकडे झेपावला. फडकं टेबलाखाली होतं, घडी करून, हाताशी ठेवलेलं. अक्कांनी त्याचं मनगट धरलं. घट्ट नाही. नुसतं धरलं.

चहा लोकरीत उतरत गेला. डाग पसरला, ताटाएवढा झाला, थांबला. आल्याचा वास खोलीभर झाला.

...

“म्हातारी झाले रे,” अक्का म्हणाल्या. “सांडला बघ माझ्या हातून.”

रत्नाकरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग डागाकडे. मनगट अजून त्यांच्या हातात होतं, आणि ते आता ओढ घेत नव्हतं. डोळे भरून आले तसा तो खाली बघू लागला.

“असू दे,” तो पुटपुटला. “असू दे, अक्का. गालिचाच आहे...”

अक्कांनी त्याचं मनगट सोडलं.

“मोठ्यानं म्हण,” त्या म्हणाल्या. “आतपर्यंत जाऊ दे.”